क्लेमेंटाइन मावशीचा चहा

केस वाळवायचं यंत्र डोक्यावरून वर उचललं गेलं आणि त्याच्या घरघरीच्या जागी एकदम रेडिओवरचं गाणं आलं. एनिड ब्लूरला आधी वाटलं, कानात उरलेली घरघरच गाण्यासारखी ऐकू येतेय. मग डेरिकचा आवाज ओळखू आला. त्यांच्या बँडचा गायक डेरिक मेचिन नाकात गातो हे ती बर्स्लेममध्ये असल्यापासून ऐकत आली होती. लंडनला आल्यावर लोक त्याच आवाजाला स्वप्नाळू म्हणायला लागले होते. क्लेमेंटाइन मावशीकडे चहाला या, आपापली घड्याळं दाराबाहेर काढून ठेवा, असं तो सगळ्यांना बोलवत होता. केस विंचरणारी मुलगी आरशातून हसली आणि म्हणाली, हे तुमचंच ना, आज पहिल्यांदाच लागलंय. एनिडने मान हलवली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांघरलेल्या नायलॉनच्या कापडाखाली तिची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली होती. दुसऱ्या कडव्यानंतर पायपेटीचा तुकडा यायचा होता. तो तिने बसवला होता. फेब्रुवारीत, गार स्टुडिओत, बोटांवर फुंकर मारत मारत तिने तो इतक्या वेळा वाजवला होता की काचेपलीकडचा माणूस शेवटी जांभया द्यायला लागला होता. दुसरं कडवं संपलं. बोटं एका बाजूला गेली आणि सूर दुसऱ्या बाजूला.

तिला क्षणभर आपलंच चुकलं असं वाटलं. म्हणून मांडीवरच्या बोटांनी मुकाट्याने त्या सुरांमागे जायचा प्रयत्न केला. पण तिथे जाण्यासारखं काही नव्हतंच. ती पेटीच नव्हती. एक गुळगुळीत, श्रीमंत ऑर्गन होता आणि तो वाजवणारा माणूस हुशार होता, तिच्यापेक्षा कितीतरी हुशार. तिच्या तुकड्याला त्याने सावरून, नीटनेटका भांग पाडून उभं केलं होतं. तिच्या पायपेटीचा भाता एका कोपऱ्यात फाटलेला होता, त्यामुळे प्रत्येक ओळीआधी पेटी श्वास घ्यायची, जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखी. या ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नव्हता. "कसलं गोड वाजवलंय तुम्ही," ती मुलगी म्हणाली. एनिड म्हणाली, "हे मी नाही वाजवलेलं." मुलीला ती थट्टा वाटली असावी. ती हसली आणि तिने डोक्यावर चिकट फवारा मारला.

बाहेर ऊन होतं, मार्च महिन्याच्या शेवटाचं, नुसतं दिसायला असलेलं ऊन. शनिवार असल्यामुळे रस्त्यावर तिच्याच वयाच्या पोरी तिच्याचसारखे केस करून हिंडत होत्या. संध्याकाळी साडेपाचला टीव्हीवरचा कार्यक्रम होता, थेट जाणारा. तिथे पोचायला अजून बराच अवकाश होता. ती एका कोपऱ्यावरच्या कॅफेत शिरली, चहा घेतला, संपवला आणि कप उलटा करून त्याचं बूड पाहिलं. हे तिने मुद्दाम केलं नाही. बर्स्लेममध्ये कुणीच मुद्दाम करत नाही. ज्या गावात निम्म्या घरांचं पोट कपबशांवर चालतं, तिथे माणूस कुणाकडेही गेला की चहा पितो आणि कप उलटा करतो. कारखान्याचा शिक्का बघतो, त्याच्या शेजारी रंगाचा बारीक ठिपका असेल तो बघतो आणि मग पुढचं बोलायला लागतो. लग्नात करतात, मयताच्या घरीसुद्धा करतात. त्यात मृताचा अपमान आहे असं कुणाला वाटत नाही. लंडनला आल्यावर रेकॉर्ड कंपनीच्या जेवणात तिने बशी उलटी केली, तेव्हा बँडचे मॅनेजर मिस्टर रोझव्हिअर यांनी टेबलाखालून तिच्या नडगीवर बूट मारला होता. डेरिक तेव्हा खाली मान घालून हसला होता. त्याआधी तोही कप उलटे करायचा. त्यानंतर त्याने सोडून दिलं. कधी सोडलं हे तिला सांगता आलं नसतं, पण एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की बऱ्याच दिवसांत आपण एकटेच हे करतोय.

बँडमध्ये येण्याआधी ती कारखान्यात कपांवर रेघ मारायची. फिरत्या चाकावर कप ठेवायचा, कुंचला टेकवायचा, श्वास धरायचा आणि हात अजिबात हलू द्यायचा नाही. हात स्थिर राहिला की रेघ स्वतःच फिरून स्वतःला येऊन मिळते. रेघ मिळाली की कप उलटा करून बुडाशी आपली खूण करायची. एनिडची खूण म्हणजे एक ठिपका आणि त्याला टेकलेली तिरकी रेघ. पलीकडच्या बाकावरच्या व्हेराची खूण म्हणजे दोन ठिपके. मुकादमाला त्या खुणेवरून कुणाचं काम कळायचं, शिव्या कुणाला द्यायच्या तेही कळायचं. पण पोरींच्या दृष्टीने ती खूण मुकादमासाठी नव्हतीच. ऑलिव्ह नावाच्या एका मुलीने एकदा व्हेरा आजारी असताना व्हेराच्या फळीवरच्या कपांवर आपली खूण करून टाकली. कितीतरी दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळचं मीठसुद्धा कुणी मागितलं नाही. ऑलिव्ह रडली, माफी मागितली आणि शेवटी दुसऱ्या कारखान्यात गेली, पण तिच्याआधी तिची गोष्ट तिथे जाऊन पोचली होती. एनिडला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. आज, उलट्या कपाकडे बघताना, तिला ते मुळीच जास्त वाटेना. तिच्या बाबतीत तर गंमत उलटीच झाली होती. दुसऱ्याने मारलेल्या रेघेखाली तिची खूण चिकटवली होती, आणि संध्याकाळी सगळ्या देशासमोर तिने ती आपलीच म्हणून मिरवायची होती. तिला राग आला. अंगाचा तिळपापड झाला, असं तिच्या आईने म्हटलं असतं.

पायपेटी मूळची प्रार्थनाघरातली. टेकडीवरचं ते विटांचं मेथडिस्ट प्रार्थनाघर पाडायचं ठरलं तेव्हा बाकं विकली गेली आणि पेटीला गिऱ्हाईक मिळेना. एनिड लहानपणापासून रविवारी तीच वाजवायची. वडील बाजूला उभे राहून पानं उलटायचे. भट्टीवर काम करून त्यांची बोटं इतकी जाड झाली होती की एका वेळी दोन पानं उलटायची आणि सगळी मंडळी एक कडवं गाळून पुढे जायची. वडील गेल्यावरही तिला काही भजनांची मधली कडवी येत नसत. पेटी जाळून टाकणार असं कळल्यावर डेरिक आणि ढोलवाला नील यांनी हातगाडी आणली आणि तिघांनी मिळून ती चढावावरून ढकलत नीलच्या घरामागच्या शेडमध्ये नेली. तिचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी होता. तिच्यात लावून घेण्यासारखं काही नव्हतं. आतल्या सुरांच्या पत्त्या जुन्या होत्या, त्या जिथे होत्या तिथेच राहणार होत्या. डेरिकने दोन संध्याकाळी डोकं आपटलं. मग तो म्हणाला, "ही बया काही हलत नाही. आपणच हलू." आणि त्याने गिटार उतरवून पेटीला लावली. कुणाच्याच पट्टीत न बसणारा तो सूर तिघांच्या अंगात असा मुरला की दुसऱ्यांची गाणी त्यांना चढी आणि चिडकी वाटायला लागली. 'पतंगांचं इस्पितळ' हे त्यांचं पहिलं गाणं त्या शेडमध्ये झालं, कोळशाच्या पोत्यांमध्ये. तेव्हा त्यांचं नाव डेरिक अँड द किल्न्स असं भट्टीवरून ठेवलेलं होतं. मिस्टर रोझव्हिअरनी ते बदलून 'द सॅफ्रन बँडस्टँड' केलं, डेरिकला मखमली कोट दिला आणि एनिडला नारिंगी झगा. गेल्या उन्हाळ्यात ते गाणं सगळीकडे वाजलं, खपाच्या यादीत पस्तिसाव्या नंबरापर्यंत चढलं आणि लोकांची पत्रं आली. हा आवाज कसला, असं विचारणारी. कुणाला तो समुद्रातला वाटला, कुणाला नशेच्या गोळ्या घेतल्यावर ऐकू येणारा. मिस्टर रोझव्हिअर वर्तमानपत्रवाल्यांना सांगायचे की हे वाद्य पूर्वेकडून आणलेलं आहे. एनिडने एकाला सांगून टाकलं की हे आमच्या गावच्या हॅनले रोडवरून आणलेलं आहे. ते त्याने छापलं नाही.

टीव्हीच्या इमारतीत तिला कपडे बदलायच्या खोलीत डेरिक एकटाच सापडला. आरशासमोर बसून तो डोळ्यांखाली काहीतरी निळं लावून घेत होता. तिने दार लावलं आणि सकाळी रेडिओ ऐकल्याचं सांगितलं. तो म्हणाला, छान झालंय ना. मग आरशात त्याला तिचा चेहरा दिसला आणि त्याने निळ्या रंगाची डबी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मागच्या महिन्यात कळलं. रोझव्हिअर म्हणाला, मी सांगतो तिला."

"तू सांगायचं होतंस."

"काय सांगणार होतो? अगं बाई, गिटारसुद्धा माझी नाहीये त्यात. नीलचे ढोल नीलचे नाहीत. कुणी चार बुजुर्ग वाजवणारे सकाळी आले, चष्मे लावून, सँडविच खाल्ले, वाजवलं आणि जेवायच्या आत घरी गेले. माझा फक्त गळा घेतला. तोही एकावर एक दोनदा घातला, म्हणजे जरा भरल्यासारखा वाटावा."

हे सांगताना तो हसत होता आणि शेवटाला त्याचं हसू कुठेतरी गळून पडलं. तिला त्याची दया आली आणि त्यामुळे आणखीच राग आला. एकाच वेळी दोन्ही येऊ शकतात हे तिला डेरिकमुळे फार पूर्वीच कळलेलं होतं. शेडमध्ये कधीतरी त्याने तिचा हात हातात घेऊन बोटांवरचा रंग निघतो का पाहिला होता, तेव्हापासून.

"सगळेच करतात, एनिड. सगळेच्या सगळे. तू ज्यांच्यावर मरतेस तेसुद्धा."

"इस्पितळ आपण केलं होतं."

"आणि ते पस्तिसाव्यावर मेलं. आता परत गेलो तर काय, पुन्हा भट्टीत कोळसा टाकू मी?"

तिच्याकडे उत्तर होतं. तिला सांगायचं होतं की परत जायला मलाही नकोय, मलाही तो मुकादम नकोय, रंगाचा वास नकोय, रस्त्यावर ओळखणाऱ्या पोरी मलाही आवडतात. पण दार उघडून मिस्टर रोझव्हिअर आत आले आणि ते राहून गेलं. ते रागावले नाहीत. ते कधी रागवायचे नाहीत, नेहमी आपल्याला कीव येतेय असं बोलायचे. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं की पेटी कुणाशीच जुळत नाही, व्हायोलिनवाल्यांनी काय करायचं, त्यांनी काय आपले कान कापून घ्यायचे? तीन मिनिटं बोटं हलवायची. टीव्हीवर सगळे तेच करतात, खाली रेकॉर्ड वाजते आणि वर माणसं दिसतात, यात फसवणूक कसली?

"आणि नाही हलवली तर?"

"तर पुढच्या शनिवारी तिथे दुसरी मुलगी बसेल, पोरी. हाच झगा घालून, हेच केस करून. लोकांना केस दिसतात."

तिला त्यांचं हे बोलणं खरं वाटलं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. सकाळी रस्त्यावर तिने तिच्यासारख्या कितीतरी मुली पाहिल्या होत्या. त्यातली कुठलीही चालली असती. आजवर ती चालत होती ती पेटीमुळे, अशी तिची समजूत होती. पेटी काढून घेतली तर खाली काय उरतं, कुणाचा हात? तिला वडिलांची जाड बोटं आठवली. त्यांनी चुकून गाळलेलं कडवं आठवलं. ते कडवं नसण्यावरूनसुद्धा तिथे कुणीतरी उभं होतं हे कळायचं. त्या हुशार माणसाच्या ऑर्गनमध्ये काहीच गाळलेलं नव्हतं, कुणीच उभं नव्हतं.

स्टुडिओत दिव्यांची धग होती आणि ताज्या रंगाचा वास. कुणीतरी क्लेमेंटाइन मावशीचं घर उभं केलं होतं. वाकडी दारं, काटे नसलेली घड्याळं, आणि मधोमध एक लांब टेबल, त्यावर किटल्या आणि कपबशा मांडलेल्या, प्रत्येक माणसापुढे एकेक कप. टेबलाच्या टोकाला पायपेटी होती. तिची स्वतःची, शेडमधून लंडनला आणलेली. एनिडने ती ओळखली तीसुद्धा पायटांवरून, कारण बाकी पेटीला कुणीतरी जांभळा रंग देऊन त्यावर सूर्यफुलं काढली होती. काळं लाकूड, त्यावरचं सोनेरी अक्षरांतलं वचन, वडील पानं उलटताना जिथे टेकायचे ती झिजलेली कड, सगळ्यावरून कुंचला फिरला होता. रेघा वाकड्या होत्या. बर्स्लेममध्ये असली रेघ कुणी भट्टीपर्यंत जाऊ दिली नसती. ती बसली आणि पायटं दाबून पाहिली. हलेनात. वाकून बघितलं तर भात्याला कातडी पट्टा आवळून बांधला होता. वायर ओढणाऱ्या माणसाने जाता जाता सांगितलं, मधेच हिचा आवाज यायला नको म्हणून.

पट्टा सोडावा असं तिच्या मनात आलं. सोडावा आणि वाजवावं, काळी एक आणि पांढरी दोनच्या मधलं, त्या भांग पाडलेल्या ऑर्गनच्या नाकावर टिच्चून. पण मग तिने इकडेतिकडे पाहिलं. टेबलाभोवती एकही मायक्रोफोन जिवंत नव्हता. डेरिकच्या तोंडासमोरचासुद्धा नुसता शोभेचा होता, त्याची वायर गालिच्याखाली जाऊन तिथेच संपत होती. तिने वाजवलं असतं ते या खोलीच्या भिंतींनी ऐकलं असतं. इथून बाहेर जात होतं ते फक्त चित्र. बर्स्लेममध्ये या वेळेला तिची आई शेजारच्या, टीव्ही असलेल्या क्लूलो काकूंच्या पुढच्या खोलीत येऊन बसली असेल, कोट न काढता, कारण आपण फार वेळ थांबणार नाही असं तिला दाखवायचं असतं. व्हेरा आली असेल. बाकावरच्या सगळ्या पोरी आल्या असतील, मांडीवर चहा घेऊन, कारण त्यांच्यातली एक टीव्हीवर दिसणार. त्या तिच्या हातांकडे बघतील. चेहऱ्याकडे, केसांकडे बाकीचा देश बघेल. त्या हातच बघतील. आयुष्यभर त्या दुसऱ्यांचे हातच बघत आल्यात.

कुणीतरी बोटांवर उलटे आकडे मोजले आणि गाणं सुरू झालं. वरून कुठूनतरी, छतातून आल्यासारखं. डेरिकने तोंड उघडलं. नीलने ढोलावर कापड गुंडाळलेल्या काठ्या आपटल्या, त्यांचा धप धप आवाज गाण्याच्या ढोलांपेक्षा जरा मागून येत होता. कॅमेरा आधी डेरिककडे गेला, मग घड्याळांवर, मग टेबलाच्या कडेने सरकत सरकत तिच्याकडे यायला लागला. ते सगळं आधीच ठरवून दिलेलं होतं, दुसऱ्या कडव्यानंतर कॅमेरा तिच्या बोटांवर येणार. पहिलं कडवं. एनिडचे हात पट्ट्यांवर होते. छातीत इतकं धडधडत होतं की तो आवाज तरी नक्की माझाच आहे, असं तिला वाटून गेलं. काचेमागे मिस्टर रोझव्हिअर दिसत होते. त्यांनी तिच्याकडे बघून शाबासकीची मान हलवली, आणि इतका वेळ तिच्या मनात जे काय डळमळत होतं ते त्या मानेने थांबलं.

दुसरं कडवं संपलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तिच्या समोर पेटला आणि तो हुशार, बिनश्वासाचा ऑर्गन खोलीभर वाजायला लागला. एनिडने पट्ट्यांवरचे दोन्ही हात उचलले. सावकाश, म्हणजे कुणाला निसटल्यासारखं वाटू नये. तिने आपल्या पुढ्यातला कप घेतला, आत थंडगार खराखुरा चहा होता, तो एका दमात संपवला. ऑर्गन वाजतच होता, आता त्याने वरच्या सप्तकात गिरकी घेतली होती. मग तिने कप उलटा केला आणि त्याचं बूड दिव्याच्या उजेडात धरून नीट पाहिलं. नेहमी पाहते तितकाच वेळ. गडबड केली नाही. बाहेरून कुणी तो कप नारिंगी रंगवून टाकला होता, पण बुडाला हात लावायचं त्याला सुचलं नव्हतं. तिथे आपल्याकडच्या कारखान्याचा शिक्का होता आणि त्याच्या शेजारी, बारीक, तांबडा, स्वल्पविरामासारखा एक फटकारा. ही खूण तिच्या ओळखीची नव्हती. पण ती कुणाची तरी होती, आणि ती बाई आत्ता कुठेतरी टीव्हीसमोर बसलेली असेल तर तिला कळलं असेल. क्लूलो काकूंच्या खोलीत तर हे वाजवणं एनिडचं नाही हे सगळ्यांनाच कळलं असणार. आईने कोट काढला असेल.

काचेमागे मिस्टर रोझव्हिअर दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होते. कॅमेरेवाल्याला पुढे कुठे जायचं ते सुचेना, तो तिथेच थांबला. तिने कप सरळ करून बशीत ठेवला, हात मांडीवर ठेवले, प्रार्थनाघरात प्रवचन चालू असताना ठेवायची तसे, आणि डेरिककडे पाहिलं. आता हे संपलं, तिच्यापुरतं तरी, हे तिला स्वच्छ कळत होतं. पुढच्या शनिवारी तो झगा दुसऱ्या कुणाच्या अंगावर असणार होता. ती सोमवारी बाकावर असेल, मुकादम दोन गोष्टी सुनावेल, आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते एकाच गोष्टीचं, की डेरिक तिच्याकडे बघेल की नाही.

तो बघत होता. तिसरं कडवं लागलं तरी बघतच होता. वरून त्याचा आवाज आला, नाकातला, स्वप्नाळू, एकावर एक दोनदा घातलेला, क्लेमेंटाइन मावशीकडे पुन्हा सगळ्यांना बोलावणारा. पण खाली डेरिकचं तोंड मिटलेलं होतं. त्याने ते उघडायचा प्रयत्नही केला नाही. नीलच्या काठ्या अडखळल्या आणि थांबल्या, ढोल मात्र वाजत राहिले. कॅमेरा घाईघाईने तिच्यावरून त्याच्यावर वळला. डेरिक टेबलाजवळ आला, आपल्यासमोरचा कप त्याने उचलला आणि भरलेला होता हे विसरून उलटा केला. सगळा चहा त्याच्या मखमली कोटावर सांडला. त्याने कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कपाचं बूड बघत होता, डोळे बारीक करून, आणि वर त्याचाच आवाज सगळ्या देशाला चहाला बोलवत होता.

"कुणाचा?" एनिडने विचारलं.

"दोन ठिपके," डेरिक म्हणाला. "आपल्या व्हेराचा."